अपघाताचा दावा कुठे अडतो, आणि सीमाभागात जास्त का अडतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या अपघातात हातपाय मोडलेल्या माणसाला विमा कंपनी वर्षानुवर्षे खेळवते, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी ऐकू येते. ती खोटी नाही. पण कंपनीच्या वकिलाला हरकत घ्यायला जी जागा मिळते, ती बहुतेक वेळा कंपनीच्या कार्यालयात तयार झालेली नसते. अपघाताच्या रात्री दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत पोलीस ठाण्यात ती तयार झालेली असते. सीमाभागात भाषा आणि हद्द या दोन गोष्टी त्यात आणखी भर घालतात. ज्यांच्या घरी आज असा जखमी माणूस अंथरुणावर आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. जागा देण्याची कृपा करावी.

सुरुवात कॅज्युअल्टीपासूनच करायला हवी. जखमीला घेऊन आलेले लोक घाबरलेले असतात. डॉक्टर विचारतात, काय झाले? कोणीतरी सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." कुणाला पोलिसांचे लचांड नको असते, कुणाला वाटते पोलीस केस म्हटले की दवाखाना दाखल करून घेणार नाही. डॉक्टर ऐकले तसे केसपेपरवर लिहितात: दुचाकीवरून घसरून पडला. तीन दिवसांनी घरचे सावरतात आणि फिर्याद देतात की टेम्पोने मागून धडक दिली. फिर्याद खरी असते. पण पुढे साक्षीच्या वेळी कंपनीचा वकील तो एकच केसपेपर पुढे करतो आणि टेम्पो नंतर घुसडला म्हणतो. मग टेम्पो होता हे सिद्ध करण्यातच तारखांमागून तारखा जातात.

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वेळी नीट सांगावे: कोणत्या वाहनाची धडक, कुठून बसली, ठिकाण कोणते, वेळ काय. नंबर दिसला असेल तर नंबर सांगावा, नसेल तर "अनोळखी वाहनाची धडक" असे सांगावे. काय लिहिले ते तिथेच वाचून घ्यावे. चुकले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्ती, सही आणि वेळ टाकून घ्यावी, नंतर कुणी हात लावत नाही. एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) झाली का हे विचारून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. आणि ती भीती मनातून काढून टाकावी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार सुरू करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ५ मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजनाही लागू आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तीत बसतो. तो मिळण्यासाठीही अपघाताची पोलिसांकडे नोंद लागतेच, म्हणजे "पोलीस केस नको" म्हणणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान.

वूंड सर्टिफिकेटकडेही, म्हणजे डॉक्टरांनी द्यायच्या जखमांच्या दाखल्याकडेही, पहिल्याच आठवड्यात लक्ष द्यावे. एक्स-रे यायच्या आधी ते लिहिले गेले तर त्यात खरचटणे, सूज एवढेच येते आणि दुखापत "साधी" ठरते. हाड मोडल्याचे नंतर कळते, पण चार्जशीटला जुनेच सर्टिफिकेट जोडले जाते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे जीव धोक्यात आणणारी, किंवा जिच्यामुळे १५ दिवस तीव्र वेदना राहतात वा नेहमीची कामे करता येत नाहीत अशी दुखापतही गंभीर धरली जाते. एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हाडाच्या नावासह सर्टिफिकेट पूर्ण करून घ्यावे. एक्स-रेच्या फिल्म मात्र स्वतःकडे जपाव्यात. रॉड-प्लेट बसवली असेल तर इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर किंवा बिलावर चिकटवून घ्यावे.

आता पोलीस ठाणे. आपल्याकडचा मोठा घोटाळा इथे होतो. नातेवाईक मराठीत सांगतात, पोलीस कन्नडमध्ये लिहितात आणि खाली सही किंवा अंगठा घेतात. कन्नडमध्ये एडगडे म्हणजे डावीकडे, बलगडे म्हणजे उजवीकडे. एवढ्या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर आपल्या बाजूने नीट चाललेला दुचाकीस्वार कागदावर उलट्या बाजूने चाललेला होतो आणि भरपाईतून त्याच्या "सहभागी चुकी"चे चाळीस-पन्नास टक्के कापा, असे कंपनी म्हणू लागते. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते. मराठीत समजावून सांगा असे आग्रहाने म्हणावे. कन्नड वाचता येणारा माणूस सोबत न्यावा. बाजू, दिशा, वेळ, वाहनाचा नंबर आणि मागे बसलेल्याचे नाव, एवढे पाच तपशील बोट ठेवून तपासावेत. जखमीचे नाव आधार कार्डावर आहे तसेच्या तसे फिर्याद, केसपेपर आणि बिल या तिन्हींवर यायला हवे. वडिलांचे नाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे असले, की तो माणूस हाच का, यावरच दोन तारखा जातात.

हद्दीचा प्रश्न तर फक्त आपलाच. वेंगुर्ला रस्त्याने निघाले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला उतरले की गोवा. कोगनोळी ओलांडली की कागल. अपघात शिनोळीजवळ होतो आणि जखमीला आणतात बेळगावला. बेळगावचा दवाखाना इथल्या पोलिसांना कळवतो, इथले पोलीस शिनोळी ज्याच्या हद्दीत येते त्या चंदगड ठाण्याला पत्र पाठवतात, आणि दोन्ही ठाणी "ते आमच्याकडचे नाही" म्हणत असताना पंधरवडा निघून जातो. तोवर गाड्या हललेल्या, रस्ता धुतलेला, साक्षीदार पांगलेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. त्यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. बेळगावच्या ठाण्यात ती नोंदवून घ्यावी आणि घरातल्या एकाने चंदगडला जाऊन लेखी अर्जाची पोच घ्यावी. उशीर झालाच असेल, तर "जखमी अमुक दिवस शस्त्रक्रियेत किंवा बेशुद्ध होता" हे कारण फिर्यादीतच लिहावे. फक्त एफआयआरला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. मात्र उशिराचे कारण कागदावर दिसायला हवे.

दावा कुठे लावायचा याबद्दलही उगाच गैरसमज आहे. अपघात महाराष्ट्रात झाला म्हणून गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघाताचे ठिकाण, दावेदाराचे राहण्याचे वा व्यवसायाचे ठिकाण किंवा प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या, मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात जाता येते. बेळगावात राहणाऱ्याने बेळगावात दावा लावावा हेच सोयीचे. फक्त महाराष्ट्र पोलिसांचे मराठी कागद इथे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात. ते भाषांतर दावा दाखल करतानाच जोडले तर साक्षीच्या वेळी तारीख पडत नाही. एकच दावा दोन ठिकाणी कधीही लावू नये.

मुदतीबद्दल अगदी स्पष्ट लिहितो. पूर्वी या दाव्यांना मुदत नव्हती, त्यामुळे "पाय बरा होऊ दे, मग बघू" ही सवय अंगात मुरली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसून राहू नये. उपचार चालू असताना दावा दाखल करता येतो आणि पुढची बिले नंतर जोडता येतात. शिवाय व्याज दाव्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणून जितका उशीर तितके व्याज बुडते.

याच १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवरही तारखांचे बंधन आले आहे आणि बहुतेक घरांना याचा पत्ताच नसतो. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायला हवा. जखमीचे हक्क सांगणारा फॉर्म २ त्याला १० दिवसांत द्यायचा. चालक आणि मालकाने आपली माहिती ३० दिवसांत द्यायची, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, जखमीने स्वतःची माहिती फॉर्म ६ मध्ये ६० दिवसांत आणि सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, ९० दिवसांत. हा अहवाल न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा असतो. कंपनीनेही त्यानंतर आपला अधिकारी नेमून ३० दिवसांत भरपाईचा देकार द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे पाळण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. व्यवहारात काय होते? फॉर्म ६ कोरा राहतो, कारण तो मागायला कुणी येत नाही आणि भरून द्यायचा असतो हे घरच्यांना ठाऊक नसते. दहाव्या दिवशी तपास अधिकाऱ्याकडे फॉर्म २ लेखी मागावा आणि फॉर्म ६ स्वतःहून भरून, पोच घेऊन द्यावा. डीएआर गेला का हे नव्वदाव्या दिवशी विचारावे. तो गेला नसेल तर सहा महिने भरायच्या आत वकिलामार्फत स्वतंत्र अर्ज दाखल करावा. पुढे डीएआर आला तरी दोन्ही एकत्र चालतात.

ऊस हंगामाचे अपघात मात्र वेगळे आणि त्यांत कागद सर्वांत जास्त बिघडतात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, चाकामागे दगड. कामावरून परतणारा दुचाकीस्वार मागून आदळतो. पोलीस सकाळी येतात आणि दुचाकीस्वाराने भरधाव वेगाने धडक दिली म्हणून गुन्हा त्याच्यावरच नोंदवतात. कलम १६६ च्या दाव्यात समोरच्याची चूक दाखवावी लागते, त्यामुळे चार्जशीट जखमीच्या नावावर गेली की तो दावा निम्मा मेल्यातच जमा. अशा वेळी गाड्या हलायच्या आधीचे फोटो हाच आधार असतो. ट्रॉलीच्या मागे सरळ उभे राहून तिच्या मागच्या बाजूचा फोटो घ्यावा, म्हणजे दिवा-रिफ्लेक्टर आहे की नाही ते दिसेल. एक फोटो लांबून घ्यावा, त्यात डांबराची कड आणि ट्रॉलीचे चाक एकत्र यावे, म्हणजे ट्रॉली रस्त्यावर किती आत उभी होती ते कळेल. पंचनाम्यात आणि नकाशात कडेपासूनचे अंतर, दिवा व रिफ्लेक्टर नसल्याचा उल्लेख आणि ट्रॅक्टर व दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर यायलाच हवेत. ट्रॉलीचा नंबर राहिला की ट्रॉलीचा विमाच नव्हता, हा मुद्दा कंपनी हमखास काढते. ट्रॅक्टर शेतीसाठी विमा उतरवून भाड्याने ऊस ओढत होता, हा दुसरा मुद्दा. आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे: ट्रॅक्टरला बसायची जागा एकच, चालकाची. मडगार्डवर बसलेल्याची जबाबदारी कंपनी घेत नाही, भरपाई मालकाकडून वसूल करावी लागते आणि मालकाकडे बहुधा कर्जाशिवाय काही नसते. ऊसतोड टोळीतल्या मजुरांची मुले रोज अशीच बसून जाताना दिसतात. कारखान्यांनी हे थांबवायला हवे.

दुसऱ्याची चूक सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ ची वाट आहे. त्यात मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कुणाची हे न पाहता. पण ते पैसे स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो, त्यामुळे नुकसान मोठे असेल तर घाईने ही वाट धरू नये.

भरपाई कुणाकडून, हे गाडीच्या पॉलिसीवर ठरते. समोरच्या गाडीने धडक दिली तर तिचा थर्ड पार्टी विमा लागू. विम्याची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. ज्या दुचाकीच्या मागे आपण बसलो होतो तिच्याच चालकाची चूक असेल, तर मात्र नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याला संरक्षण नसते, पॅकेज पॉलिसी असावी लागते. पावतीवरचा हप्ता पाहून हे कळत नाही, पॉलिसीचे पहिले पान वाचावे. एसटीच्या बसना, मग ती वायव्य कर्नाटकची असो वा महाराष्ट्राची, बहुधा विमा कंपनी नसते. महामंडळ स्वतःच्या निधीतून पैसे देते, म्हणून प्रतिवादी महामंडळालाच करावे. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते, ही कंपनीची ठरलेली हरकत. लहान टेम्पोबाबत तिचे दात ६ नोव्हेंबर २०२४ ला पाडले गेले: साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. इतर प्रकरणांतही न्यायाधिकरण बहुधा "आधी कंपनीने जखमीला द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे" असा आदेश देते, म्हणून लायसन्सच्या हरकतीने घाबरून कमी पैशात तडजोड करू नये.

मालक दुसऱ्या राज्यातला असला की नोटिसा परत येतात आणि दावा तिथेच महिनोन्महिने थांबतो. केए-२२ बेळगावची, केए-२३ चिकोडीची, एमएच-०९ कोल्हापूरची, पण गाडी विकून तिसऱ्याच्या ताब्यात असते. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. त्याचा पत्ता आरसीच्या उताऱ्यावरून घ्यावा, चार्जशीटवरून नव्हे. सोबत सध्या गाडी वापरणाऱ्यालाही प्रतिवादी करावे. कंपनीचा पॉलिसी क्रमांक आणि मुदतीच्या तारखा अर्जात बरोबर असल्या की कंपनीला "पॉलिसी तपासून सांगतो" म्हणून तारीख मागता येत नाही.

आता पैशाचा हिशोब, कारण लोक इथे फसतात. समजा माणूस ३८ वर्षांचा, महिना १५ हजार मिळवणारा, पायाचे हाड वाकडे जुळले. डॉक्टर पायाचे ४५ टक्के अपंगत्व लिहितात. घरचे समजतात, ४५ टक्के मिळणार. तसे नसते. पायाचे अपंगत्व वेगळे, पूर्ण शरीराचे वेगळे आणि कमावण्याच्या ताकदीचे त्याहून वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. आपल्याकडच्या न्यायालयांत बहुधा अवयवाच्या टक्क्यांचा तिसरा हिस्सा पूर्ण शरीरासाठी धरतात, म्हणजे १५ टक्के. वर्षाचे उत्पन्न किती पटीने धरायचे तो गुणक वयावर ठरतो, ३६ ते ४० वयाला तो १५. १५,००० गुणिले १२, गुणिले १५, म्हणजे २७ लाख आणि त्याचे १५ टक्के म्हणजे ४ लाख ५ हजार. पण तोच माणूस उद्यमबागेतल्या फाउंड्रीत उभ्याने साचे उचलणारा असेल आणि आता त्याला उभेच राहता येत नसेल, तर त्याचे नुकसान १५ टक्के नाही, कितीतरी जास्त आहे. हे आपोआप कुणी धरत नाही. तो नेमके कोणते काम करत होता, त्यात कोणती हालचाल लागते, हे साक्षीत यायला हवे, मालकाला किंवा सहकाऱ्याला बोलवायला हवे. याखेरीज औषधोपचार, जाण्यायेण्याचे भाडे, पोषक आहार, कामावर नसलेल्या महिन्यांची मजुरी, वेदना आणि पुढे प्लेट काढायचा खर्च, हे सगळे वेगळे मागायचे असते.

उत्पन्नाचा पुरावा नसला तर कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या तक्त्यातले त्या वर्षीचे अंदाजी उत्पन्न धरतात, तेच कमी वाटते म्हणून लोक हळहळतात. पण पुरावे घरात असतात: दूध डेअरीचे पंधरवड्याचे पुस्तक, कारखान्याची ऊस बिले, जमिनीचा उतारा, विणकराच्या मालकाची मजुरी वही, निपाणीतल्या विडी कामगार बायकांचे ओळखपत्र आणि पीएफ. अपघाताच्या आधीच्या वर्षाचे काढून ठेवावेत. औषधाच्या बिलावर रुग्णाचे नाव आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी, कच्ची पावती चालत नाही. गाडीभाड्याला गाडीवाल्याची सही, तारीख, कुठून कुठे, एवढी तरी चिठ्ठी घ्यावी. मेडिक्लेममधून बिले भागली असतील तर त्या रकमेवर वाद होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करू नये असे ठरवले. पण आपण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या हद्दीत आहोत, इथे तो निकाल सरळ बंधनकारक नाही. मूळ बिले मेडिक्लेमला देताना त्यांच्या साक्षांकित प्रती मेडिक्लेमच्या कंपनीकडून लेखी मागून घेऊन ठेवाव्यात.

सर्वांत जास्त दावे थांबतात ते डॉक्टरांच्या साक्षीवर. अथणी-चिकोडीकडचे जखमी मिरजेला जातात, निपाणीचे कोल्हापूरला. तिथला सर्जन बेळगावच्या कोर्टात येत नाही, आणि नुसते सर्टिफिकेट देऊन भागत नाही, कारण कंपनीला उलटतपासणीचा हक्क आहे. यावर दोन उपाय आहेत: डॉक्टरांची साक्ष न्यायाधिकरणाने नेमलेल्या कमिशनरमार्फत त्यांच्याच दवाखान्यात घ्यावी किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने. त्यासाठी वकिलाने वेळीच अर्ज द्यावा लागतो, तो देत नाहीत म्हणून तारखा पडतात. तेही जमत नसेल तर सगळ्या फिल्म घेऊन बेळगावातल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. ती हाड जुळून, पुढे फरक पडणार नाही असे झाल्यावर करावी. चौथ्या महिन्यात घेतलेले टक्के कंपनी मोडून काढते.

लोकअदालतीबद्दल दोन शब्द. ती चांगली सोय आहे, पैसे लवकर हातात येतात, ज्याचा उपचार संपला आहे त्याने जरूर जावे. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. प्लेट काढायची बाकी असताना, सांधा बदलावा लागेल असे डॉक्टर सांगत असताना अंतिम तडजोडीवर सही करणे म्हणजे पुढचा खर्च स्वतःच्या अंगावर घेणे. निकालानंतर कंपनीने ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. ते भरले नाहीत तर न्यायाधिकरणाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली मागता येते. कंपनीचे अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात जाते, अपिलाची मुदत ९० दिवस. एक लाखाच्या आतल्या वादावर अपीलच नाही. पैसे थेट दावेदाराच्या बँक खात्यात जायला हवेत, म्हणून खाते, आधार आणि पॅन अर्जासोबतच द्यावेत. टक्केवारीवर वकीलपत्र घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या धनादेशावर सही मागणाऱ्या, दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या मध्यस्थाला उभे करू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी क्रमांक १५१००.

स्वतःच्या पॉलिसीचा दावा ही निराळी गोष्ट. गाडी मालक स्वतः चालवताना जखमी झाला तर त्याच्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पाहावा. तो मृत्यू आणि ठरावीक कायम अपंगत्वालाच आहे, साध्या फ्रॅक्चरला नाही. या किंवा मेडिक्लेमच्या दाव्याला उशीर झाला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे, मग विमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५, आणि महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर बेंगळुरूचे विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे फुकट चालतात, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाची मुदत. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेची असली तरी राहणारा बेळगावचा असेल तर बेंगळुरूला जाता येते. मात्र समोरच्या गाडीच्या विम्याचा दावा लोकपालाकडे चालत नाही. तिथे अर्ज पाठवून वाट पाहत सहा महिने घालवू नयेत.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. रकमा लहान आहेत, पण तवंदी घाटात किंवा महामार्गावर रात्री उडवले गेलेल्या पादचाऱ्याच्या घरी तेवढेही कुणी मागत नाही, हे फार लागते.

या पत्रातून प्रशासनाकडे तीन मागण्या आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या सीमेलगतच्या प्रत्येक ठाण्यात फॉर्म २ आणि फॉर्म ६ कन्नडसोबत मराठीतही ठेवावेत आणि फॉर्म २ दिल्याची सही घ्यावी. चंदगड, कागल, गडहिंग्लज आणि गोव्यातल्या ठाण्यांशी अपघाताची माहिती त्याच दिवशी पोहोचवण्याची पद्धत बेळगाव पोलिसांनी ठरवून घ्यावी, टपालावर सोडू नये. आणि दवाखान्यांनी कॅज्युअल्टीत अपघाताची हकीगत लिहून झाल्यावर ती जखमीला किंवा नातेवाइकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवून खाली सही घ्यावी. या तिन्हींना नवा कायदा लागत नाही, ऊस हंगाम सुरू व्हायच्या आत त्या करता येतील.

कळावे,
आपला,
मोटार अपघात दाव्यांचे काम पाहणारा एक वाचक, बेळगाव